माहेरच्या यादीतलं नाव

स्वीडनच्या निवडणुकीने माझी झोप उडवली, असं कुणाला सांगितलं तर लोक हसतील. मी बोरी अरबची, जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं पाढे घेऊन निवृत्त झालेली बाई. नकाशा शिकवताना नॉर्वे कुठे संपतो नि स्वीडन कुठे सुरू होतो, हे मी मुलांना घाईघाईने बोट फिरवून दाखवायची, कारण मलाच ते पक्कं माहीत नव्हतं. पण हसणाऱ्यांची लेक तिकडे नव्हती. माझी होती.

लेक नर्स आहे. यवतमाळला शिकली, नागपूरच्या एका दवाखान्यात राबली, आणि कोरोनाच्या वर्षभर आधी स्वीडनमधल्या एका लहान गावी कामाला गेली. तिथे नगरपालिकेचं म्हाताऱ्यांचं एक घर आहे. म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, त्यांच्या शिव्या खायच्या, हे तिचं काम. भाषाही ती त्यांच्याकडूनच शिकली. लग्न केलं नाही. कामाचा परवाना आधी दोन वर्षांचा मिळाला, मग आणखी दोन वर्षांचा. तो संपला की कायम राहण्यासाठी अर्ज करायचा. तो अर्ज मंजूर झाला तर पोरगी तिथली, नाहीतर सामान बांधा. चार वर्षं आम्ही त्या एका अर्जाकडे डोळे लावून होतो.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात दुपारी तिचा फोन आला. मी बरबटीच्या शेंगा मोडत बसले होते. आमचे हे समोर पेपर वाचत होते. हे जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचे. आता निवृत्तीनंतर पेपरातल्या बातम्यांची प्रत ठरवतात.

"आई, हे पाह्य," पोरीने फोनसमोर एक कागद धरला. "मले मतदानाचं कार्ड आलं."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "कोणाचं आलं?"

"माह्यंच. माह्या नावाचं हाय."

"तू तिथली नागरिक हायस काय? काहीतरी चुकलं त्यायचं. परत पाठव."

ती हसली. मग शिकवणी घेतल्यासारखं मला सांगायला लागली. तिथे तीन निवडणुका एकाच दिवशी होतात. देशाच्या संसदेची, जिल्ह्याची आणि नगरपालिकेची. बाहेरचा माणूस तीन वर्षं नोंद करून राहिला की त्याला जिल्ह्यासाठी आणि नगरपालिकेसाठी मत देता येतं. फक्त संसदेसाठी नाही. मतपत्रिकाही रंगावरून वेगळ्या. संसदेची पिवळी, जिल्ह्याची निळी, नगरपालिकेची पांढरी.

"म्हंजे माह्या वाट्याले पांढरी नि निळी," ती म्हणाली. "आजीची साडी आठवली मले."

माझी आई मतदानाच्या दिवशी निळ्या काठाची पांढरी साडी नेसायची. आमच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा ती परकर घालणारी पोर होती. पुढे मतदानाचं वय झाल्यापासून तिने कधी मत चुकवलं नाही, आणि मत टाकल्याशिवाय कधी चहा घेतला नाही. सकाळी विहारात जायचं, तिथून थेट केंद्रावर, आणि बोटाची शाई आम्हाला दाखवून मग चूल पेटवायची. "ज्यायले हे भेटलं नव्हतं त्यायले विचारा," एवढंच म्हणायची. लेकीने पहिलं मत टाकलं तेव्हा आजीच्या सोबत उपाशीपोटी गेली होती, आणि परतल्यावर दोघींनी एका बशीतला चहा प्यायला होता.

म्हणजे मी कुठल्या घरातली आहे हे कळलं असेल. अशा घरातली मी, आणि त्या दिवशी मीच माझ्या पोरीला म्हटलं, "मत टाकाले जाऊ नोको."

का म्हटलं ते सांगण्यासाठी मला मागे जावं लागेल.

लेक तेव्हा सहावी-सातवीत असेल. लोकसभेच्या निवडणुकीत मला पहिल्यांदा केंद्राध्यक्ष केलं होतं. त्याआधी मी बोटाला शाई लावायचं काम केलं होतं, पर्च्या तपासायचं केलं होतं. पण केंद्राध्यक्ष म्हणजे सगळ्याचं खापर फुटायला एकच डोकं. फुलसावंगीच्या पलीकडचं एक गाव मिळालं. शाळेच्या एका खोलीत केंद्र. दुपारी बाराच्या सुमारास एक पोरगी आली. वीस-एकवीसची, सात महिन्यांची गरोदर. तिने चपला दारात काढल्या, देवळात जावं तशा, आणि पर्ची पुढे केली. यादीत नाव होतं. माझ्या हाताखालच्या माणसाने नाव मोठ्याने वाचलं तसा एका पक्षाचा एजंट उठला.

"हे बोगस हाय मॅडम. इचं लगन झालं. इचं नाव सासरच्या यादीत हाय."

अशा वेळी एजंटाने दोन रुपये भरून हरकत घ्यायची असते आणि केंद्राध्यक्षाने तिथल्या तिथे चौकशी करायची असते. त्याने टेबलावर नाणं आपटलं. मी पोरीला विचारलं, तुझं नाव दोन्हीकडे आहे का? ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "असन. मी बाळंतपणाले आली. तिकडं म्या मत टाकलं नाई, आईशप्पत."

तिचा बाप खिडकीशी आला. हात जोडून म्हणाला, "मॅडम, नाव मीच राहू देलं. पोरीचं नाव कोणी काढते काय?"

हे आमच्याकडचं आहे. पोरगी लग्न होऊन जाते, तिची नोंद सासरी होते, पण माहेरच्या यादीतलं नाव बाप काढत नाही. काढायला फॉर्म भरावा लागतो, त्यावर आपल्या हाताने सही करावी लागते. ती सही कुणाच्याच हातून होत नाही. जिवंत माणसाचं नाव कापायचं म्हणजे काय, असं लोकांना वाटतं. यादीत दरवर्षी अशा पोरींची नावं पडून असतात. त्यात कुणाचा काही डाव नसतो.

मला हे माहीत होतं. मीही याच जिल्ह्यातली. पण एजंट म्हणाला, "तुमी हिले मत टाकू देलं त मी वर लेखी देतो. तुमची नोकरी राह्यते का जाते ते पाहू मग." आणि मी भ्याले. मी तिला मत टाकू दिलं नाही. तक्रार लिहिली आणि तिला पोलीस शिपायाच्या हवाली केलं. त्याने तिला शाळेच्या आवारातल्या निंबाखाली बसवलं. एप्रिलचं ऊन होतं. मशीनचा पीं पीं आवाज चालू राहिला, लोक येत राहिले. पाच वाजेनंतर जीप आली आणि तिला व तिच्या बापाला बसवून घेऊन गेली. आम्ही मशीन सील करून निघालो तेव्हा दारात तिच्या चपला तशाच होत्या.

पुढच्या निवडणुकीच्या प्रशिक्षणात साहेबाने नियम वाचून दाखवला. यादीत नाव आहे आणि समोरचा माणूस तोच आहे, एवढंच केंद्राध्यक्षाने बघायचं. नाव आणखी कुठे आहे, तो राहतो कुठे, हे तपासायचा त्याला अधिकार नाही. म्हणजे मी तिला मत टाकू द्यायला हवं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारी मी. मी साहेबाला काही विचारलं नाही. त्या गावाकडेही कधी गेले नाही. तिचं पुढे काय झालं, बाळंतपण नीट झालं का, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची माझी हिंमत झाली नाही, हे खरं.

आणि आता पाहा गंमत. माझी पोरगी परदेशात गेली, चार वर्षं होत आली, तरी बोरीच्या यादीत तिचं नाव होतं. मी ठेवलं होतं. दरवेळी पडताळणीला यादीवाली बाई यायची, म्हणजे आमच्या वस्तीतली अंगणवाडी सेविका. विचारायची, घरात किती मतदार? मी म्हणायची, तीन. नियम शिकवणारी मी, पण त्या बापासारखंच वागले.

म्हणून पोरीने ते कार्ड दाखवलं तेव्हा मला स्वीडन दिसलं नाही. मला निंब दिसला. दोन याद्यांत नाव, परका देश, आणि परवान्याचा अर्ज तोंडावर. तिथल्या टेबलावर कुणी नाणं आपटलं तर? "ही इथली नाही, हिचं नाव तिकडे आहे," असं कुणी म्हटलं तर? सरकारी कचेरीत चूक कारकुनाची असते, पण पकडलं जातं चिठ्ठी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला. पस्तीस वर्षांत हे मी फार वेळा पाहिलं होतं.

शिवाय तिकडून बातम्या काही बऱ्या नव्हत्या. बाहेरच्या लोकांना आवरा, परत पाठवा, असं सांगणारा पक्ष तिथे वाढत चालला होता. पोरगी सांगायची, चौकात सगळ्या पक्षांच्या लाकडी टपऱ्या शेजारी शेजारी लागल्या आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी देतात. मी म्हटलं, भांडणं नाही होत? ती म्हणाली, नाही, हसून बोलतात. एकदा कामावरून परतताना एका टपरीतल्या बाईने तिलाही कॉफी दिली आणि गोड हसून विचारलं, "तू अजून किती दिवस आहेस इथे?" त्या बाईच्या मनात काही असेल, नसेल. मी मात्र ते वाक्य आठवून दोन रात्री कूस बदलत होते.

"आई, कोणी पकडत नाई. कार्ड त्यायनंच पाठवलं," पोरगी समजावत होती.

"पाठवणारे येगळे नि पकडणारे येगळे असतात. तुले नाई माहीत."

"अवो, पण अधिकार हाय तिले," हे मध्ये पडले.

"तुम्ही चूप राहा. तुम्ही कापूस पाह्यला जलमभर, मी माणसं पाह्यली."

पोरगी ऐकेना तेव्हा मी आजीची शपथ घातली. हे मी करायला नको होतं. मत चुकवायला मी कुणाची शपथ घातली ते पाहा. पोरीने कार्ड फोनसमोरून खाली घेतलं. मग म्हणाली, "बरं. नाई जात." आणि तिने फोन ठेवला.

भीतीचं असं असतं की एकदा तिला पाट मांडला की ती पंगतीलाच बसते. तिथलं मत अडवून माझं समाधान झालं नाही. इथल्या यादीतलं नाव राहिलंच होतं. उद्या अर्ज तपासताना त्यांनी इकडे विचारणा केली आणि इकडून उत्तर गेलं की ही बाई बोरीत राहते, तर? दुधाने तोंड पोळलेली मी, आता ताकही फुंकायला निघाले. पोळा झाल्यावर मी अंगणवाडीत गेले आणि त्या बाईकडे फॉर्म सात मागितला. नाव वगळण्याचा.

"कोणाचं मॅडम? सरांचं तर नाई नं?" ती घाबरून म्हणाली. मेलेल्यांसाठीच तो फॉर्म जास्त जातो.

"पोरीचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मांडीवर कुणाचं तरी लेकरू झोपलं होतं. "पोरीचं नाव कोणी काढते काय मॅडम? राहू द्या नं. कोण पाह्यते?"

वीस वर्षांनी तेच वाक्य, जवळपास त्याच शब्दांत. पण मी मास्तरीण. मी तिला नियम सांगितला, दोन ठिकाणी नाव ठेवणं हा गुन्हा आहे, तुझीही नोकरी जाईल. तिच्या तोंडावर मी तीच भीती फेकली जी एजंटाने माझ्या तोंडावर फेकली होती. तिने मुकाट्याने फॉर्म दिला. कारणाच्या रकान्यात 'कायमचे स्थलांतर' या शब्दांपुढे मी खूण केली आणि सही केली. सही वाकडी आली. घरी येऊन कुणाला सांगितलं नाही, फक्त यांना सांगितलं. हे म्हणाले, "तिले विचारलं?" मी म्हटलं, "विचारायचं काय त्यात." पोरीला आम्ही कधीच सांगितलं नाही.

निवडणूक रविवारी होती. विहारात वर्षावासाचं वाचन चालू होतं, तिथे मी गेले, पण वाचणारा काय वाचत होता ते माझ्या कानात गेलं नाही. मी सारखा फोन बघत होते. तिने शपथ मोडली असेल का? मोडली असेल तर आत्ता ती टेबलासमोर उभी असेल का? दिवसभर फोन आला नाही. हे म्हणाले, "ड्युटीवर असन."

सोमवारी सकाळी फोन आला. मी पहिलं हेच विचारलं, "गेलती काय?"

"गेलती," ती म्हणाली. "पण मत टाकाले नाई. म्हाताऱ्या बाईले घेऊन गेलती."

ती काम करते त्या म्हाताऱ्यांच्या घरातल्या एका नव्वदीच्या म्हातारीला मत टाकायचं होतं. चाकाच्या खुर्चीवर बसवून पोरगी तिला शाळेतल्या केंद्रावर घेऊन गेली. म्हातारीने तीनही चिठ्ठ्या घेतल्या, आडोशाला जाऊन पाकिटांत घातल्या, टेबलावरच्या माणसाने तिचं नाव तपासलं. "शाई?" मी विचारलं. "इथं शाई नसते आई. एजंटही नाई, पोलीसही नाई. एक बाई स्वेटर विणत बसलती."

मग त्या म्हातारीने पोरीला विचारलं, तुझ्या चिठ्ठ्या कुठे आहेत? पोरीने सांगितलं, मी टाकत नाही. म्हातारीने विचारलं, तुला अधिकार नाही? आहे म्हटल्यावर ती जी चिडली ती परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी पोरीने भरवायला चमचा पुढे केला तर तोंड फिरवलं. दुसऱ्या बाईच्या हातून जेवली.

"मले वाटलं, आजीच हाय," पोरगी म्हणाली. "आजी असती त तिनंबी माह्या हातचं खाल्लं नसतं."

मला वाईट वाटलं, पण खरं सांगू, त्याहून जास्त हायसं वाटलं. तिने टेबलाला हात लावला नव्हता. कुणी काही म्हटलं नव्हतं. सुटलो, असं मी मनात म्हटलं.

निकाल मात्र लागेना. दोन्ही बाजू इतक्या जवळ की सोमवार गेला, मंगळवार गेला. आमच्याकडे दुपारपर्यंत गुलाल उडतो, आणि तिथे लोक शांतपणे कामाला जात होते म्हणे. बुधवारी कळलं की सरकार बदलणार. बाहेरच्यांना आवरा म्हणणाऱ्यांची मतं वाढली होती आणि नव्या सरकारला त्यांचाच टेका लागणार होता. ती पिवळी चिठ्ठी. जी माझ्या पोरीच्या हातात कधी येणारच नव्हती, तिने सगळं ठरवलं. पांढरी आणि निळी तिच्या होत्या, त्या मी तिच्या हातातून काढून घेतल्या होत्या.

हे त्या दिवशी एवढंच म्हणाले, "टाकलं असतं त फरक नसता पडला." मी म्हटलं, हो ना. आमच्या घरात हे वाक्य तोवर कुणी कधी उच्चारलं नव्हतं.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तिने कायम राहण्याचा अर्ज केला. मग वाट. नियम बदलणार, बदलणार, अशा बातम्या येत राहिल्या. एक दिवस बदलले. बाहेरून आलेल्याचा पगार अमुकच्या वर पाहिजे, नाहीतर परवाना नाही. डॉक्टर, इंजिनियर यांचा पगार त्या रेषेच्या वर, म्हाताऱ्यांना आंघोळ घालणाऱ्यांचा खाली. पोरगी फोनवर हसून बोलायची, पण तिचं हसणं मी तिच्या जन्मापासून ओळखते. मी रात्री उठून पाणी प्यायची आणि अंधारात फोनचा दिवा लागलेला आहे का बघायची.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. ती परत यावी, असं मला वाटत नव्हतं का? वाटत होतं. गुडघे गेलेले, यांना साखर, घरात दोन माणसं आणि चार खोल्या. कोणत्या आईला वाटणार नाही? पण तिने यावं ते मनाने यावं. हाकलून दिलेली पोरगी दारात उभी राहिलेली मला बघायची नव्हती. आणि यायचंच झालं तर तिला वाटलं पाहिजे की इथे तिची जागा राखलेली आहे.

आमची लोकसभा आली त्याच्या आठ दिवस आधी तिला पत्र मिळालं. अर्ज नामंजूर. अपील करता येतं, पण निकाल लागेपर्यंत टांगती तलवार. ती रडली नाही. "वकील पाह्यते," म्हणाली. आठ दिवस ती तेवढंच बोलत होती.

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघं सकाळी सातलाच निघालो, चहा न घेता. केंद्र माझ्याच जुन्या शाळेत. टेबलावर माझाच एक विद्यार्थी बसला होता, आता स्वतः मास्तर झालेला. "या मॅडम," म्हणून उभा राहिला आणि यादीत बोट फिरवत आमच्या घरापर्यंत आला. यांचं नाव वाचलं. माझं वाचलं. मग त्याचं बोट तिसऱ्या चौकोनावर थांबलं. पोरीचा कॉलेजातला फोटो, केसांना तेल लावलेलं, आणि त्यावर तिरप्या मोठ्या अक्षरांत छापलेलं, 'डिलीटेड'.

"ताईचं कट झालं काय मॅडम? काहून?" त्याने विचारलं.

त्याला वाटलं असेल, काही बरंवाईट झालं. मी म्हटलं, "बाहेर असते ती." बोटाला शाई लावणाऱ्या पोरीने माझा हात पुढे ओढून घेतला. मशीनसमोर मी कुठलं बटण दाबलं ते मला आजही नक्की आठवत नाही. आवारातून बाहेर पडताना मी निंबाकडे बघितलं नाही. आमच्या शाळेतही निंब आहे.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"टाकलं काय मत?"

"टाकलं."

"चहाच्या आधी?"

"आधी."

तिच्या मागे कुठलीतरी म्हातारी काहीतरी मागत होती. तिने फोन बाजूला धरून तिला त्यांच्या भाषेत उत्तर दिलं, आणि परत आली.

"आई," ती म्हणाली, "अपील नाई टिकत, असं वकील म्हून राह्यला. यावं लागलं त येईन. मले त्याचं एवढं नाई वाटत आता." मग तिचा आवाज अगदी लहान झाला, पहिलीत असताना व्हायचा तेवढा. "माह्यं नाव हाय नं अजून तिथं?"

हे माझ्याकडे बघत होते. नंतर आयुष्यभर खरं बोलायला मोकळा वेळ होता, पण त्या क्षणी दुसरं काही तोंडातून येणं शक्य नव्हतं.

"हाय नं," मी म्हटलं. "पोरीचं नाव कोणी काढते काय?"

आणि आठ दिवसांत पहिल्यांदा ती रडली. "मंग ठीक हाय," रडता रडता म्हणाली. "मंग ठीक हाय."

दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीच्या दारात होते. फॉर्म सहा मिळाला, नव्याने नाव घालायचा. तो कोरा कपाटात आहे. त्यावर लिहावं लागतं की अर्जदार या पत्त्यावर राहतो, आणि सही तिची लागते. तिला सहीला पाठवला तर तिला कळेल. नाही पाठवला तरी कळेलच कधीतरी. यादी आता मोबाइलवर कुणालाही दिसते, नाव टाकलं की झालं. हे तिला मीच शिकवलं होतं, मागे एकदा, मोठ्या अभिमानाने.

अपिलाचा निकाल अजून लागलेला नाही. फोन वाजला आणि तिचं नाव दिसलं की मी आधी पदराला हात पुसते, घोटभर पाणी पिते, आणि मग उचलते.